एरीकाठच्या गप्पा : शेवटच्या रांगेतला ढोल



मागच्या अंकात आमच्या तळघरात शिरलेल्या पाण्याची रडकथा सांगितली होती. त्यावर इतके सल्ले आले, की पाण्याऐवजी सल्ल्यांचाच पंप लावावा लागतोय की काय असं वाटलं. सर्वांचे आभार. तळघर आता कोरडं आहे. म्हणून आज तिथून वर येऊन तुम्हाला थेट बॉलपार्कच्या अगदी शेवटच्या, सर्वांत वरच्या रांगेत घेऊन जाणार आहे.

उन्हाळ्यात चिरंजीवांना घेऊन बेसबॉलच्या सामन्याला गेलो होतो. वय वर्षं अकरा, त्यामुळे खेळापेक्षा हॉट डॉगवर लक्ष जास्त. तिकिटं डाव्या बाजूच्या ब्लीचर्सची, म्हणजे बिनपाठीच्या बाकांची, कारण वडील अजून हिशेबी आहेत. इनिंग संपल्यावर स्वारी फिरायला म्हणून वर स्कोअरबोर्डाखाली गेली आणि पळत परत आली.

"बाबा, तिकडे बाकावर कोणीतरी ढोल विसरलाय. पण तो उचलत नाही!"

"उचलणार नाही. ब्राँझचा आहे. बाकाला कायमचा बसवलाय."

"कोणाचा आहे?"

"तिथे एक गृहस्थ बसायचे, त्यांचा. मला त्यांचा फार राग यायचा."

चिरंजीव क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "राग यायचा, मग तू मला ते दाखवायला का आणलंस?"

आता याला काय उत्तर द्यावं? दाखवायला आणलं नव्हतं, पण बाकापर्यंत गेलो, थंडगार ब्राँझवर हात ठेवला आणि लक्षात आलं, की हे गृहस्थ जाऊन इतके दिवस झाले तरी आपण त्यांना निरोप असा दिलेलाच नाही. तो आज या पानावर देतो. जरा उशीरच झाला म्हणा. पण आपल्या मंडळाचे कार्यक्रम तरी कुठे वेळेवर सुरू होतात!

जुन्या क्लीव्हलँडकरांना नाव सांगायला नको. जॉन अ‍ॅडम्स. इतरांसाठी थोडा इतिहास सांगतो. १९७३ सालचं क्लीव्हलँड डोळ्यांसमोर आणा. कायाहोगा नदीने पेट घेतल्याला (हो, नदीनेच, १९६९ साली!) जेमतेम चार वर्षं झालेली. गाव सगळ्या देशाच्या चेष्टेचा विषय. बेसबॉलचा संघ यथातथाच. सरोवराच्या काठावरच्या त्या अवाढव्य म्युनिसिपल स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसं मावायची, पण येणार काही हजार. बाकी सगळ्या रिकाम्या खुर्च्या. तिथे हजर असलेली मंडळी आवाज वाढावा म्हणून शेजारच्या रिकाम्या खुर्च्यांच्या लाकडी बैठका धाडधाड आपटायची. लग्नाला पाहुणे कमी आले की यजमानच जोरजोरात बोलायला लागतात ना, तसलाच प्रकार.

अ‍ॅडम्सना वाटलं, की खुर्च्यांच्या या आवाजाला जरा ठेक्याची जोड हवी. २४ ऑगस्ट १९७३ या दिवशी हा बावीस वर्षांचाही नसलेला तरुण आपला २६ इंची बास ड्रम घेऊन बाकांवर जाऊन बसला. त्याला आपण ढोलच म्हणू. एका दिवसाची गंमत म्हणून आणलेला तो ढोल पुढे २०१९ पर्यंत वाजत राहिला. एका मोसमात ८१ होम गेम्स असतात. तेवढ्या वर्षांत ३,७०० हून अधिक सामने! मी इंजिनिअर माणूस, गुणाकार करून बघितला. म्हणजे पठ्ठ्याने दांडी मारलीच नाही म्हटलं तरी चालेल. तिकीट स्वतःच्या खिशातून काढलेलं. संघाने ठेवलेला पगारी वाजंत्री तो नव्हता. पोटापाण्यासाठी काय करायचे म्हणाल, तर एटी अँड टीमध्ये कॉम्प्युटर सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट! म्हणजे आपल्यातल्या निम्म्या वाचकांचे जातभाईच की. आपण दिवसभर कोड बडवून घरी जातो, हे गृहस्थ संध्याकाळी ढोल बडवायला जायचे, एवढाच काय तो फरक.

१९९४ मध्ये जुनं स्टेडियम सोडून संघ नव्या जेकब्स फील्डमध्ये आला. (२००८ पासून त्याचं नाव प्रोग्रेसिव्ह फील्ड.) त्याबरोबर ढोलही आला. आत ढोल आणायची परवानगी फक्त यांना होती. त्यांना स्कोअरबोर्डाखालची, डाव्या बाजूची सर्वांत वरची रांग मिळाली.

मी इथे एम. एस. करायला आलो २००३ साली. लॅबमधल्या मंडळींनी पहिल्याच महिन्यात सामन्याला नेलं. वानखेडेवर वाढलेला माणूस मी, आवाजाची मला काय भीती! पण त्या दिवशी दुसऱ्या दिवशीच्या होमवर्कचं ओझं डोक्यावर, खेळ कळत नाही, बोचरा गार वारा, आणि पाठीमागून आपलं धूम, धूम, धूम, धूम! ताल म्हणावा तर तोही नाही. तीन तासांनी डोकं असं ठणकत होतं, की घरी येऊन सुंठ उगाळून लावली.

लॅबमध्ये या विषयावर दोन तट होते. एक म्हणायचा, "हा ढोल म्हणजेच क्लीव्हलँड. तो नसेल तर घरी बसून टीव्हीच बघावा." दुसरा म्हणायचा, "बेसबॉल हा विचार करायचा खेळ आहे. एक माणूस चाळीस हजार माणसांच्या कानांवर मालकी गाजवतो, हा कुठला न्याय?" मी अर्थातच दुसऱ्या तटात. नुसता नव्हे, हिरिरीने! कोणी सामन्याला चल म्हटलं, की "ढोलापासून लांबची तिकिटं असतील तर येतो" हे माझं ठरलेलं उत्तर.

दुसरंही एक कारण होतं, आणि ते तुम्हाला लगेच कळेल. संघाचं तेव्हाचं नाव 'इंडियन्स'. टोपीवर लाल तोंडाचा, दात विचकणारा, डोक्यात पीस खोवलेला 'चीफ वाहू'. आणि वर हा ढोल! मला तो ऐकू यायचा थेट जुन्या हॉलिवूडच्या सिनेमातल्या 'रेड इंडियन' लोकांच्या ढोलासारखा. रेडिओवरचे समालोचक हर्ब स्कोर यांनी अ‍ॅडम्सना 'बिग चीफ बूम-बूम' असं नाव ठेवलं होतं. ठेवणाऱ्याने प्रेमानेच ठेवलं असेल. पण मोसमाच्या पहिल्या सामन्याला इथले मूळ रहिवासी फलक घेऊन बाहेर उभे असायचे, ते पाहून आत जाताना मान जरा खालीच जायची. आपली स्थिती तर आणखी विनोदी. "आय अ‍ॅम इंडियन" म्हटलं, की समोरचा आनंदाने म्हणायचा, "मी पण! कालचा सामना पाहिलास का?" कोलंबसाने घातलेला घोळ पाचशे वर्षांनी आम्ही पार्किंग लॉटमध्ये निस्तरत बसायचो.

माझं मत पालटायला कारण झाली शेजारच्या सीटवरची एक आजी. नोकरी लागल्यावर ऑफिसच्या मंडळींबरोबर गेलो होतो आणि नेमकी जागा मिळाली ब्लीचर्समध्ये, ढोलाच्या पाचसहा रांगा खाली. मी दर ठोक्याला कपाळाला आठ्या घालत होतो. आजी मांडीवर स्कोअरबुक घेऊन पेन्सिलीने टिपणं करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाळा, तू आवाज ऐकतोयस. तो कधी वाजवतो ते ऐक."

ऐकलं. आणि काय सांगू मंडळी, ओशाळलो! हा माणूस उगाच बडवत नव्हता. सुरुवातीला आपला संघ मैदानात उतरला की एकदा वाजवायचा. नंतर आपला खेळाडू दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर पोचला, म्हणजे धाव निघायची खरी शक्यता निर्माण झाली, की ढोल सुरू. शेवटच्या इनिंगमध्ये आपण मागे असलो की सुरू. एरवी हात मांडीवर. खाली चाळीस हजार माणसं नाचोजच्या रांगेत उभी, फोनवर बोलताहेत, पोरांना बाथरूमला नेताहेत. कोण कुठल्या बेसवर आहे याचा त्यांना पत्ता नाही. ढोल वाजला की माना वळायच्या, "काय झालं? काहीतरी होतंय!" गर्दीतला सर्वांत गोंगाट करणारा माणूसच सर्वांत लक्ष देऊन खेळ पाहत होता. बाकीचे त्याच्या लक्षावर आपलं भागवत होते. मीही त्यातलाच.

तेव्हापासून मी ढोलाचा भक्त झालो, असं मात्र नाही. डोकं दुखायचं ते दुखायचंच. पण आठ्या घालणं बंद केलं.

आणि २०१६ चा तो सातवा सामना! २ नोव्हेंबरची रात्र, वर्ल्ड सिरीजची शेवटची लढत, समोर शिकागो कब्स. आमच्या संघाने शेवटचं अजिंक्यपद मिळवलं होतं १९४८ साली. आमच्या फॅमिली रूममध्ये चार कुटुंबं, बटाटेवड्यांचा घाणा चालू, पोरं गालिच्यावरच झोपलेली. आठव्या इनिंगमध्ये राजाय डेव्हिसने चेंडू डाव्या बाजूला भिरकावून सीमापार केला, सहा-सहा अशी बरोबरी झाली, आणि टीव्हीतून तो ढोल ऐकू आला. ज्या ढोलासाठी मी कपाळाला सुंठ लावली होती, त्याच्यासाठी मी टीव्हीचा आवाज वाढवला! आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तुम्हीच ना ते, ढोलाला नावं ठेवणारे?" पुढे पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये आम्ही ८-७ असे हरलो. वडे गार झाले. ते जाऊ द्या.

२०२० मध्ये कोविडमुळे स्टेडियम रिकामं. २०२१ मध्ये माणसं परत आली, पण अ‍ॅडम्सची प्रकृती बिघडली होती, ते आले नाहीत. मोसमाच्या पहिल्या होम गेमला 'ब्लॅक कीज' बँडचा ड्रमर पॅट्रिक कार्नी, हा आमच्या शेजारच्या अ‍ॅक्रनचा मुलगा, त्यांच्या जागी ढोल वाजवायला आला. त्या उन्हाळ्यात मी दोन सामने पाहिले, अगदी शांततेत, जशी मला वीस वर्षं हवी होती तशी. खेळाडू दुसऱ्या बेसवर गेला, मी सवयीने मान वर वळवली, आणि वर नुसताच स्कोअरबोर्ड.

मधल्या काळात नावाचाही निकाल लागला. चीफ वाहू २०१८ च्या मोसमानंतर गणवेशावरून उतरला होताच. २०२१ च्या जुलैमध्ये संघाने 'गार्डियन्स' हे नाव जाहीर केलं आणि २०२२ पासून ते लागू झालं. बॉलपार्कजवळच्या होप मेमोरियल पुलावर दगडात कोरलेले रखवालदार उभे आहेत ना, त्यांच्यावरून. (पूल १९३२ चा. स्थापत्याची आवड असलेल्यांनी एकदा पायी जाऊन जरूर बघावा.) चाहत्यांत पुन्हा दोन तट पडले, भांडणं झाली. मला विचाराल, तर नाव बदललं हे बरंच झालं. ज्यांच्या नावाने तो खेळ चालला होता, तेच बाहेर उभे राहून नको म्हणत होते, यापुढे आणखी काय बोलायचं? पण एक गोष्ट मी स्वतःपाशी सोडवून ठेवली आहे. त्या ढोलात मला ऐकू येणारा 'रेड इंडियन' हॉलिवूडने माझ्या डोक्यात भरला होता. अ‍ॅडम्सचा ढोल जन्मला रिकाम्या खुर्च्या आपटण्यातून. एकाच आवाजाच्या या दोन कथा, आणि दोन्ही खऱ्या.

२४ ऑगस्ट २०२२ रोजी, पहिल्या ठोक्याला ४९ वर्षं झाली त्या दिवशी, संघाने त्यांचं नाव आपल्या 'डिस्टिंग्विश्ड हॉल ऑफ फेम'मध्ये घातलं आणि तो ब्राँझचा ढोल त्यांच्या बाकावर बसवला. ३० जानेवारी २०२३ रोजी ते गेले. वय ७१.

त्याआधी २००८ साली त्यांना 'हिल्डा अवॉर्ड' मिळालं होतं. हे बेसबॉलच्या चाहत्यांसाठीचं पारितोषिक आहे, आणि ते जिच्या नावाने दिलं जातं ती हिल्डा चेस्टर म्हणजे ब्रुकलिन डॉजर्सची एक प्रेक्षक. भयंकर ओरडायची. हृदयविकाराचा झटका आला, डॉक्टरांनी ओरडायला बंदी घातली, तर ही बाई तवा आणि पळी घेऊन यायला लागली! शेवटी खेळाडूंनीच तिला गाईच्या गळ्यातली घंटा आणून दिली. तिच्याही नावाने शेजारच्यांनी बोटं मोडली असतीलच. १९५७ चा मोसम संपल्यावर डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. आज त्या मैदानाची आठवण निघाली, की खेळाडूंच्या बरोबरीने तिची घंटा निघते.

हे सगळं सांगण्यामागे माझा थोडा स्वार्थ आहे. आता कबुलीजबाब.

आपल्या मंडळात एक काका आहेत. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. गिरगावातला जन्म, साहित्य संघात नाटकं पाहून कान तयार झालेला. नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला, की काका पुढून तिसऱ्या रांगेत. गाणाऱ्याआधी सूर गुणगुणणार, मांडीवर ताल धरणार, मध्येच "अहाहा! क्या बात है!" आणि पद संपायच्या आत खणखणीत "वन्स मोअर!" दर कार्यक्रमानंतर समितीकडे तक्रारी. "आम्ही पंचवीस डॉलर गायिकेसाठी दिले, काकांसाठी नाही." उलट बाजूने, "काकांशिवाय कसली मैफल? श्राद्धाचं जेवण वाटेल."

मी त्या वर्षी समितीचा सेक्रेटरी होतो. फोन करायचं अप्रिय काम माझ्याकडे आलं. मी अगदी मृदू आवाजात म्हटलं, "काका, तरुण मंडळींना जरा त्रास होतो. रेकॉर्डिंगही असतं. तेवढं जरा..."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं रे. तू म्हणतोस तर बरं."

काका यायचे थांबले नाहीत. तसं झालं असतं तर एक वेळ भांडता आलं असतं. ते येतात. शेवटच्या रांगेत बसतात. हात मांडीवर, आणि गप्प. कार्यक्रम संपल्यावर "छान झाला" म्हणून निघून जातात.

गेल्या दिवाळीच्या मैफलीत भारतातून आलेली गायिका एका पदात अशी काही जागा घेऊन समेवर आली, की माझ्यासारख्या औरंगजेबालाही काहीतरी घडल्याचं जाणवलं. सभागृहात कोणी हललं नाही. तिने डोळे उघडून समोर पाहिलं. आपण टाळ्या वाजवल्या, पण पद संपल्यावर, एकदम, सगळ्यांनी मिळून, अगदी शिस्तीत. तेव्हा मला ती स्कोअरबुकवाली आजी आठवली. काकांचा आवाज मी इतकी वर्षं ऐकला होता, पण ते कधी दाद देतात ते एकदाही ऐकलं नव्हतं. नीट आठवून पाहिलं. काका चुकीच्या जागी ओरडल्याचं मला एकदाही आठवेना. चुकीच्या जागी टाळ्या वाजवणारे आम्हीच!

अ‍ॅडम्स गृहस्थांना, तेव्हा, हा माझा निरोप. त्यांच्यामुळे माझं डोकं दुखलं ही तक्रार मी मागे घेत नाही, कारण ती खरी आहे. पण त्यांच्याइतकं लक्ष देऊन मी आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही, हेही तितकंच खरं. पहिली गोष्ट मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत होतो. दुसरी आज लिहिली, तीही ब्राँझच्या ढोलाला.

मात्र काका अजून आपल्यात आहेत, त्यांच्यासाठी ब्राँझची वाट बघायचं कारण नाही. सामन्याहून परतल्यावर त्याच आठवड्यात त्यांना फोन केला. इकडची तिकडची चौकशी झाली, गुडघे, हवा, भारतातले भाव. मग धीर करून म्हटलं, "काका, यंदा दिवाळीला तिसऱ्या रांगेतली तुमची जागा राखून ठेवतोय. आणि वन्स मोअर तुमच्याकडूनच हवा. मागच्या वेळी मी फोन केला तो चुकलाच माझा."

"अरे, आता आवाज कुठे राहिलाय पूर्वीसारखा!"

"असेल तेवढा द्या."

परत तशीच शांतता. मग खाकरले आणि म्हणाले, "गाणार कोण आहे ते आधी सांग. वन्स मोअर काय असा आगाऊ बुक करतात होय रे?"

असो. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं नेहमीप्रमाणे समितीकडे मिळतील. ज्यांना शांतता हवी असेल त्यांनी तिसऱ्या रांगेपासून जरा लांबची घ्यावीत. चिरंजीवांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. काकांच्या शेजारची सीट त्यांच्यासाठीच घेतली आहे. बघू, काय ऐकू येतंय ते.

पुढच्या अंकात भेटूच!